आधीचं पाणी कसं होतं?

मंगरूळपीरच्या रानात पडलेला पाऊस लांबचा प्रवास करतो. वाशीम जिल्हा पाणलोटाच्या धारेवर वसला आहे. उत्तर उताराचे पाणी काटेपूर्णेतून पूर्णेला आणि पुढे तापीला जाते. मंगरूळपीरकडचे पाणी अडाण आणि अरुणावतीच्या वाटेने पैनगंगेत उतरते. पैनगंगा वढ्याला वर्धेला भेटते, वर्धा पुढे प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीत शिरते, आणि गोदावरी आंध्रातल्या कोनसीमेत नारळीच्या बागांमधून समुद्राला मिळते.

या वाटेवर दोन ठिकाणी माणसाने जमिनीच्या पोटात खोलवर हात घातला आहे. पहिले ठिकाण वणी-चंद्रपूरच्या कोळसा खाणींचे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातल्या औद्योगिक पट्ट्यांना प्रदूषणाचे गुण दिले, तेव्हा चंद्रपूर ८३.८८ गुणांसह चौथे आले. त्याच्या वर फक्त अंकलेश्वर, वापी आणि गाझियाबाद होते. दुसरे ठिकाण अगदी शेवटी, कोनसीमेत. तिथे भातखाचरे आणि नारळीच्या मधोमध नैसर्गिक वायूच्या विहिरी आहेत. ८ जानेवारी १९९५ रोजी पासरलापुडी गावाजवळच्या ओएनजीसीच्या विहिरीतून वायू उसळला आणि पेटला. ती आग विझवायला ६५ दिवस लागले. २०२२ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने कोनसीमेच्या परिसरातील प्रदूषणाबद्दल ओएनजीसीला सुमारे २२.७६ कोटी रुपये पर्यावरण भरपाई भरायला सांगितली. आगीपासून या आदेशापर्यंत २७ वर्षे गेली. आग सगळ्यांना दिसते, तिचे फोटो छापून येतात. पाण्यात उतरलेले काहीच दिसत नाही, म्हणून त्याचा जाब विचारायला एक पिढी लागते.

मंगरूळपीर तालुक्यात वायूची विहीर नाही. पण जमिनीत भोक पाडले की पाण्याचे काय होते, हा प्रश्न इथल्या शेतकऱ्याला नवा नाही. बोअरवेलच्या निमित्ताने तो पन्नास वर्षे या प्रश्नासोबत जगतो आहे.

महाराष्ट्रात पाण्यासाठी यंत्राने भोके पाडण्याचा इतिहास १९७२ च्या दुष्काळाशी बांधलेला आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा त्याच काळात उभी राहिली. त्याच्या थोडे आधी जालना, सोलापूर आणि नगर जिल्ह्यातल्या वडाळ्याच्या मिशनांनी आणि कारागिरांनी गावपातळीवर टिकतील असे लोखंडी हातपंप बनवायला सुरुवात केली होती. त्यातल्या सोलापूर पंपाच्या रचनेवर पुढे ‘इंडिया मार्क टू’ हा हातपंप तयार झाला आणि जगातल्या कितीतरी गरीब देशांत पोहोचला. मराठी मुलखाने जगाला दिलेल्या या गोष्टीचा अभिमान आपल्याकडे फारसा कुणी मिरवत नाही, तो मिरवायला हवा. पुढे सरकारी यंत्रांच्या मागोमाग तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडच्या बोअरगाड्या आल्या. वनोजा-शेलूबाजारकडच्या संत्राबागांसाठी रात्रभर चाललेला बोअरचा आवाज आणि सकाळी शेतात पसरलेली राखाडी भुकटी या पट्ट्यात कुणाला सांगावी लागत नाही.

इथला खडक लाव्हाचा आहे, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचून तयार झालेला. पाणी असते ते वरच्या मुरमात, खडकाच्या भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यात. बोअर मारणारा वरच्या भुसभुशीत भागात केसिंग पाइप टाकतो आणि कठीण दगड लागला की थांबतो. त्याखाली भोक उघडेच राहते. त्यामुळे एका थरातले पाणी दुसऱ्या थरात उतरते. वरच्या विहिरीचे पाणी शेजारच्या बोअरमुळे आटले, ही तक्रार गावोगावी ऐकू येते. ती सिद्ध करणे मात्र जवळजवळ अशक्य, कारण आधी पाणी किती आणि कसे होते हे कुणी लिहून ठेवलेले नसते.

वायूच्या विहिरीत हीच रचना कितीतरी पट खोल आणि दाबाखाली असते. पोलादी नळीवर नळी, आणि नळी व खडक यांच्या मधल्या फटीत सिमेंट. ते सिमेंट नीट बसले नाही, त्याला तडा गेला, किंवा ते पुरेसे वरपर्यंत भरले नाही, तर खालचा वायू त्या फटीतून वर येतो आणि पिण्याच्या पाण्याच्या थरात शिरतो. खडक फोडण्यासाठी दाबाने सोडलेल्या रसायनांची चर्चा फार झाली. पण घरच्या विहिरीत मिथेन आला, अशा प्रकरणांत दोष पुष्कळदा या फटीतल्या सिमेंटचा निघाला.

याचे सगळ्यात गाजलेले उदाहरण अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातले डिमॉक. डोंगराळ, दुधाचा धंदा करणारे छोटे गाव, घरोघरी स्वतःची विहीर. कॅबट ऑइल अँड गॅस या कंपनीने तिथल्या जमिनी भाडेपट्ट्याने घेतल्या आणि वायूसाठी खोदाई सुरू केली. १ जानेवारी २००९ रोजी एका घराच्या अंगणातली पाण्याची विहीर फुटली. साठलेल्या मिथेनने पेट घेतला होता. त्यानंतर एकेका घरातून तक्रारी येऊ लागल्या, पाणी गढूळ येते, फेसाळते. कंपनीचे म्हणणे एकच होते: या भागात मिथेन पूर्वीपासूनच आहे, आमच्या आधीचं पाणी कसं होतं ते दाखवा.

गावकऱ्यांकडे दाखवायला काही नव्हते. आपल्या विहिरीचे पाणी प्रयोगशाळेत कोण तपासून ठेवतो? विज्ञानाने थोडी मदत केली. २०११ मध्ये ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवले की वायूच्या विहिरींजवळच्या घरगुती विहिरींत मिथेनचे प्रमाण लांबच्या विहिरींपेक्षा सरासरी १७ पट जास्त होते. कार्बनच्या समस्थानिकांवरून हा मिथेन वरच्या दलदलीतला की खोल खडकातला हेही ओळखता येते, जणू वायूच्या बोटांचे ठसेच. तरी लढाई लांबली. २०१० मध्ये १९ कुटुंबांना सुमारे ४१ लाख डॉलर मिळाले आणि गावाला नळाने पाणी आणण्याची योजना बारगळली. २०१२ मध्ये केंद्रीय पर्यावरण संस्थेने पुढे कारवाईची गरज नाही असे सांगितले. २०१६ मध्ये ज्युरीने दोन कुटुंबांना ४२ लाख डॉलरहून अधिक भरपाई दिली. पुढच्याच वर्षी न्यायाधीशांनी तो निकाल रद्द केला आणि नंतर तडजोड झाली. २०२० मध्ये राज्याचे महाधिवक्ता जॉश शापिरो यांनी कंपनीवर १५ फौजदारी आरोप ठेवले. पुढे कंपनीचे नावही बदलले. विलीनीकरणानंतर ती कोटेरा झाली. २९ नोव्हेंबर २०२२ रोजी कंपनीने एका आरोपावर बचाव न करण्याचे कबूल केले आणि पाण्याच्या नळयोजनेसाठी १ कोटी ६२ लाख ९० हजार डॉलर आणि रहिवाशांची ७५ वर्षांची पाणीपट्टी भरण्याचे मान्य केले. बारा वर्षांपूर्वी मोडलेली नळयोजना अशी परत आली. आणि त्याच सुमारास राज्याने त्या गावाखाली पुन्हा खोदाई करण्यावरची २०१० पासूनची बंदीही उठवली. विहीर फुटल्यापासून या दिवसापर्यंत जवळजवळ १४ वर्षे गेली होती.

या सगळ्या गोंधळात एक चांगली गोष्ट जुन्या कायद्यात होती आणि ती फार कमी लोकांना माहीत असते. पेनसिल्व्हेनियाच्या १९८४ च्या कायद्याने म्हटले होते की वायूच्या विहिरीपासून १००० फुटांच्या आत, खोदाईनंतर सहा महिन्यांत पिण्याचे पाणी बिघडले, तर कंपनीच जबाबदार असे गृहीत धरावे. नाही म्हणायचे असेल तर कंपनीने सिद्ध करावे, उदाहरणार्थ खोदण्याआधीच पाणी तपासून. २०१२ मध्ये हे अंतर २५०० फुटांपर्यंत आणि मुदत १२ महिन्यांपर्यंत वाढवली गेली. एका वाक्याने सगळे फिरले. त्या कायद्यामुळे खोदाईआधी शेजारच्या विहिरींचे नमुने घेणे कंपन्यांच्या स्वतःच्या हिताचे झाले, आणि ‘आधीचं पाणी कसं होतं?’ या प्रश्नाचे उत्तर देण्याची पाळी त्यांच्यावर आली. त्याच देशाच्या संसदेने २००५ मध्ये खडक फोडण्याच्या या पद्धतीला पिण्याच्या पाण्याच्या केंद्रीय कायद्यातून जवळजवळ मोकळे सोडले होते, हेही इथेच नोंदवायला हवे.

‘हे पूर्वीपासूनच आहे’ हा बचाव वऱ्हाडात सहज पटेल असा आहे. अकोला, अमरावती आणि बुलडाण्यातला पूर्णेकाठचा खारपाणपट्टा पिढ्यान्‌पिढ्या खारट पाणी पितो आहे. ते खारेपण कुठल्या कारखान्याने आणलेले नाही. यवतमाळ आणि चंद्रपूरच्या कितीतरी गावांत फ्लोराइडही खडकातूनच येते. अशा मुलखात उद्या कुणी पाणी बिघडवले, तर त्याला बोट दाखवायला निसर्ग आयताच हजर आहे. म्हणूनच इथे जुन्या नोंदीचे मोल इतर कुठल्याही भागापेक्षा जास्त आहे.

भारतात सिद्ध करण्याचे हे ओझे गावकऱ्याच्या खांद्यावरून उतरवण्याचे काम संसदेच्या आधी न्यायालयाने केले. त्याची सुरुवात इंग्लंडच्या एका जुन्या निकालात आहे. एका गिरणीमालकाच्या तलावाचे पाणी जुन्या बुजलेल्या खाणीच्या भुयारांतून शेजाऱ्याच्या कोळसा खाणीत शिरले आणि १८६८ मध्ये न्यायालय म्हणाले, धोक्याची वस्तू बाळगणाऱ्याने ती सुटली तर भरून द्यावे. मात्र त्या नियमात पळवाटा ठेवल्या गेल्या. दैवी आपत्ती, तिऱ्हाइताचा हात, अशी कितीतरी कारणे चालत. भोपाळच्या दुर्घटनेनंतर, आणि दिल्लीतल्या श्रीराम कारखान्यातून डिसेंबर १९८५ मध्ये ओलियम वायू सुटल्यानंतर, सरन्यायाधीश पी. एन. भगवती यांनी २० डिसेंबर १९८६ च्या निकालात त्या सगळ्या पळवाटा बंद केल्या. धोकादायक धंदा करणारा पूर्णपणे जबाबदार, आणि कंपनी जितकी मोठी तितकी भरपाई मोठी.

या तत्त्वाची खरी कसोटी पाण्यावरच लागली. राजस्थानात उदयपूरजवळच्या बिछडी गावात १९८८ मध्ये एका कारखान्याने एच-आम्ल बनवायला सुरुवात केली. रंगधंद्यात लागणारे हे रसायन तयार झाले अवघे ३७५ टन, पण मागे उरला सुमारे २४४० टन विषारी गाळ. तो उघड्यावर टाकला गेला, पावसाने जमिनीत मुरला आणि विहिरींचे पाणी तांबूस झाले. पाणी पिण्याला राहिले नाही, शेताला राहिले नाही, जनावरांना राहिले नाही. गाव पेटून उठले. १९८९ मध्ये एका पर्यावरण संस्थेने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली आणि न्यायालयाने प्रश्न टाकला तो नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेपुढे, म्हणजे नीरीपुढे.

नीरीची ही भूमिका विदर्भाने लक्षात ठेवावी अशी आहे. १९५८ मध्ये सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची संस्था म्हणून नागपुरात सुरू झालेल्या आणि १९७४ मध्ये आजचे नाव मिळालेल्या या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी बिछडीची जमीन आणि पाणी तपासले, बिघडलेले क्षेत्र सुमारे ३५० हेक्टर असल्याचे सांगितले आणि शुद्धीकरणाचा खर्च सुमारे ४० कोटी रुपये मांडला. तोवर ‘प्रदूषण करणाऱ्याने भरावे’ हे तत्त्व पुस्तकात होते, नीरीने त्याला आकडा दिला. १३ फेब्रुवारी १९९६ रोजी न्यायमूर्ती बी. पी. जीवन रेड्डी यांनी निकाल दिला: कंपन्या जबाबदार, खर्च त्यांनीच द्यायचा. सरकारने ३७ कोटी ३८ लाख ५० हजार रुपयांची रक्कम ठरवली. कंपनीने अर्जांवर अर्ज केले आणि ते प्रकरण पुढे १५ वर्षे न्यायालयात फिरत राहिले. शेवटी १८ जुलै २०११ रोजी न्यायमूर्ती दलवीर भंडारी यांनी चक्रवाढ व्याजासह रक्कम भरायला सांगितले आणि खटला लांबवल्याबद्दल दहा लाख रुपये खर्चही लावला. निकाल लागूनही पंधरा वर्षे पैसे न देता राहता येते, हे बिछडीने दाखवले. उशिराचे व्याज कंपनीच्याच डोक्यावर बसते, हेही बिछडीनेच दाखवले.

सिद्ध करण्याचे ओझे कुणाचे, यावर मात्र स्पष्ट बोलणारे निकाल दोन आहेत. ऑगस्ट १९९६ मध्ये तमिळनाडूतल्या वेल्लोरच्या चामडे कारखान्यांच्या प्रकरणात न्यायालय म्हणाले की आपला धंदा पर्यावरणाला बाधक नाही हे धंदा करणाऱ्याने दाखवावे. जानेवारी १९९९ मध्ये हैदराबादला पाणी देणाऱ्या उस्मानसागर आणि हिमायतसागर या तलावांजवळ तेलाचा कारखाना उभा राहत होता, तेव्हा न्यायमूर्ती एम. जगन्नाध राव यांनी हेच अधिक सविस्तर सांगितले. निसर्गाचे नुकसान सिद्ध करण्यासाठी वाट पाहिली, तर तोवर ते होऊन गेलेले असते, हा त्यामागचा साधा विचार. गावकऱ्यांच्या दृष्टीने हे दोन निकाल बिछडीइतकेच मोलाचे, पण वऱ्हाडातल्या किती ग्रामसभांत त्यांचे नाव कधी निघाले असेल!

महाराष्ट्राला या बाबतीत एक मान मिळायला हवा. केंद्राचा पाणी प्रदूषणाचा कायदा १९७४ चा. महाराष्ट्राने त्याआधीच, १९६९ मध्ये, स्वतःचा कायदा केला आणि ७ सप्टेंबर १९७० रोजी प्रदूषण नियंत्रण मंडळ उभे केले. नदीत, नाल्यात काय सोडले यावर लक्ष ठेवायला ही चौकट चांगली होती. जमिनीखालच्या पाण्यासाठी निराळे कायदे यायला वेळ लागला. १९९३ च्या कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या विहिरीपासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर खोदण्यावर बंधन घातले. २००९ चा भूजल कायदा २०१४ मध्ये अमलात आला आणि त्याने ६० मीटरपेक्षा खोल विहिरींना मर्यादा आणली. मंगरूळपीरसारख्या तालुक्यात २०० फुटांवर थांबणारी बोअरगाडी किती दिसते, हे रस्त्याने जाणाऱ्याला कुणी सांगायला नको. या दोन्ही कायद्यांना आधी चिंता होती ती पाणी उरेल का याची. त्याची चव आणि गुण यांचा विचार नंतर आला.

ही सवय जुनीच. वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांकडे आला. त्यांच्या मोजणीत मंगरूळ तेव्हाच्या बाशिम जिल्ह्यातला तालुका होता. तो जिल्हा १९०५ मध्ये मोडला गेला आणि वाशीमला पुन्हा जिल्हा व्हायला १ जुलै १९९८ उजाडले. मोजणी अधिकाऱ्याला शेतातली ओलिताची विहीर दिसली की ती साऱ्याच्या हिशेबात यायची. पाण्यावर किती वसूल होईल हे लिहिले जाई. ते पाणी गोड की मचूळ, याची गरज त्या वहीला नव्हती.

आज परिस्थिती त्यापेक्षा बरी आहे आणि ती बरी करणारे लोक गावातलेच आहेत. भूजल यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजली जाते. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक पिण्याच्या स्रोतांचे नमुने गोळा करतो, टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकले की नाही ते पाहतो, आणि स्वच्छता तपासणीनंतर गावाला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. लाल कार्ड मिळाले की सरपंच अस्वस्थ होतो, हे चांगलेच आहे. पण या नोंदीत दोन मोठ्या फटी राहतात. कार्डाचा रोख मुख्यतः जंतूंवर आणि विहिरीच्या भोवतालच्या घाणीवर असतो. आणि शेतातला खासगी बोअर, जिथे मजूर पाणी पितात आणि उन्हाळ्यात सगळी वस्ती भरायला येते, तो बहुधा या वहीत येतच नाही. शिवाय पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, मिथेनला मर्यादाच दिलेली नाही. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. डिमॉकसारखा प्रसंग उद्या पैनगंगेच्या खोऱ्यात आला, तर नेहमीच्या तपासणीत तो दिसणारच नाही.

कंपनीने आधीच्या पाण्याची नोंद करावी, असे आपल्या पर्यावरण मंजुरीच्या पद्धतीत म्हटले आहे. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे मोठ्या प्रकल्पाच्या अहवालात मूळ स्थितीचे आकडे द्यावे लागतात आणि जनसुनावणीत लोकांना बोलता येते. पण ते आकडे कंपनीने नेमलेला सल्लागार गोळा करतो आणि एका हंगामाचे आकडे पुरेसे मानले जातात. वऱ्हाडातल्या विहिरीचे ऑक्टोबरचे पाणी आणि मे महिन्याचे पाणी सारखे नसते, हे इथल्या कुठल्याही बाईला ठाऊक आहे. त्यातही १६ जानेवारी २०२० च्या दुरुस्तीने तेल आणि वायूचा शोध घेणारी खोदाई ‘ब-२’ वर्गात टाकली, ज्याला जनसुनावणी लागत नाही. वायू सापडल्यावर प्रत्यक्ष उत्पादनासाठी मात्र मोठी परवानगी अजून लागते. म्हणजे जमिनीत पहिले भोक पडते त्या दिवशी गावाला विचारणारे कुणी नसते, आणि गावाला पहिल्यांदा बोलता येते तोवर ‘आधीचं’ पाणी मागे पडलेले असते. ती नोंद ग्रामपंचायतीने स्वतः ठेवायची ठरवली, तर प्रत्येक पिण्याच्या विहिरीचा आणि निवडक बोअरचा नमुना वर्षातून दोनदा, एकदा पावसाळ्यानंतर आणि एकदा उन्हाळ्यात, जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत देऊन त्याचा अहवाल ग्रामसभेच्या इतिवृत्ताला जोडावा लागेल. क्षार, क्लोराइड, फ्लोराइड, नायट्रेट यांचे आकडे, तारीख आणि विहिरीचा गट नंबर. गट नंबर लिहिणे महत्त्वाचे, कारण न्यायालयात विहीर ओळखली जाते ती सातबाऱ्यावरून.